‘४२ लिही’ की ‘एक वाढव’? वेब एपीआयमधून मोजणी न हरवता कशी करायची

एका लेखाखाली ४१ लाइक्स आहेत. दोन वाचक एकाच क्षणी बटण दाबतात. दोघांच्याही स्क्रीनवर बटणाचा रंग बदलतो, एरर कुठेच येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन्ही रिक्वेस्ट यशस्वी म्हणून नोंदल्या जातात. डेटाबेसमध्ये मात्र आकडा असतो ४२.

काय घडलं ते पावलापावलाने पाहू. पहिल्या वाचकाच्या ॲपने सर्व्हरला विचारलं, ‘आत्ता किती?’ उत्तर आलं ४१. दुसऱ्याच्या ॲपनेही तेच विचारलं आणि त्यालाही ४१ मिळालं. दोन्ही ॲप्सनी आपापल्या जागी एक मिळवला आणि दोघांनीही कळवलं, ‘४२ लिही.’ सर्व्हरने इमानेइतबारे दोनदा ४२ लिहिलं. सांगितलेलं काम प्रत्येकाने बरोबर केलं, तरी एक लाइक गेला. डेटाबेसच्या जगात याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. मला हा बग फार वाईट वाटतो, कारण तो आवाज करत नाही. एकट्याने बसून टेस्ट केलं तर तो कधीच दिसत नाही. एकटा माणूस एका वेळी एकच बटण दाबतो. तो गर्दीत येतो, आणि गर्दीत आकडा पडताळून पाहायला कुणालाच सवड नसते.

एक लाइक हरवला म्हणून काय बिघडलं, असं वाटेल. पण नेमका हाच कोड कुठे कार्यशाळेच्या उरलेल्या जागा मोजत असतो, कुठे गोदामातले शिल्लक नग मोजत असतो, कुठे एखाद्या खात्यावर किती वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला ते मोजत असतो. जागांची मोजणी चुकली की एका खुर्चीवर दोन नावं लागतात. पासवर्डची मोजणी चुकली, तर पाच प्रयत्नांनंतर जे खातं बंद व्हायला हवं ते एकदम शंभर प्रयत्न धाडणाऱ्यासमोर उघडंच राहतं.

चुकीचं मूळ आहे वाचणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत. त्या फटीत दुसरं कुणी शिरलं की नोंद हरवते. फट जितकी मोठी तितका धोका मोठा, आणि वेबवरून काम करताना ती प्रचंड मोठी होते. समजा वाचून परत लिहायला नेटवर्कवरून २०० मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला १० लाइक्स येत आहेत. म्हणजे प्रत्येक फटीत सरासरी आणखी दोघे शिरतात. हरवणं हा मग अपवाद राहत नाही, जवळपास नियमच होतो. याहून वाईट प्रकारही दिसतो: ॲप आधी आकडा वाचतच नाही, दहा मिनिटांपूर्वी स्क्रीनवर आलेल्या आकड्यात एक मिळवून पाठवतं. दरम्यान ४१ चे ९० झालेले असतात, आणि ‘४२ लिही’ ही एक रिक्वेस्ट दहा मिनिटांची मोजणी पुसून टाकते.

अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत ते

यावरच्या उपायाला ‘ॲटॉमिक’ अपडेट म्हणतात. हा शब्द ऐकून अणुऊर्जा आठवते, पण इथे त्याचा जुना अर्थ घ्यायचा. ग्रीक ‘आटोमोस’ म्हणजे जे कापता येत नाही ते. आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक दर्शनातला परमाणूही असाच, ज्याचे आणखी भाग पडत नाहीत असा. ॲटॉमिक अपडेट म्हणजे वाचणं, मिळवणं आणि लिहिणं या तिन्ही गोष्टी मिळून एकच अविभाज्य कृती. फटच उरत नाही, मग शिरणार कुठे?

ही क्षमता काही नवी नाही. प्रोसेसरच्या पातळीवर साधं ‘क्ष मध्ये एक मिळव’ हेसुद्धा आत तीन कामांचं असतं: मेमरीतून उचल, मिळव, परत ठेव. म्हणून प्रोसेसरमध्येच हे तिन्ही एकसंध करणाऱ्या सूचना दिलेल्या असतात. डेटाबेसमध्ये तर ही सोय अगदी रोजच्या वापरातली आहे. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल या भाषेत आपण लिहितो: ‘लेख या टेबलात, क्रमांक ७ च्या ओळीत, लाइक्स = लाइक्स + १ कर’. यात ४१ किंवा ४२ हा आकडा कुठेच नाही. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर अशी आज्ञा आली की त्या ओळीला कुलूप घालतं. त्याच ओळीसाठी दुसरी आज्ञा आली तर ती थांबते, पहिलीचं काम पक्कं झालं की ओळीची नवी आवृत्ती वाचते आणि तिच्यात एक मिळवते. दोन आज्ञा आल्या, आकडा ४३. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसची पद्धत आणखी सरळ: तिथे कमांड एकामागून एक चालतात, त्यामुळे त्याची ‘इन्कर’ (एक वाढव) ही कमांड चालू असताना मध्ये दुसरं काही येऊच शकत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अनुभवी लोकांकडेही सापडतो. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र चालवायच्या आज्ञांचा गठ्ठा. ‘मी वाचणं आणि लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलंय, म्हणजे मी सुरक्षित आहे.’ नाही. पोस्टग्रेसची मूळ सेटिंग ‘रीड कमिटेड’ आहे. तिच्यात ट्रान्झॅक्शन उघडून साधं सिलेक्ट, म्हणजे वाचन, केलं, कोडमध्ये बेरीज केली आणि तयार आकडा अपडेटमध्ये घातला, तर नोंद पूर्वीसारखीच हरवते. वाचतानाच ओळ अडवून ठेवायची असेल तर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हणावं लागतं. ‘रिपीटेबल रीड’ ही कडक पातळी लावली तर पोस्टग्रेस दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला ४०००१ या कोडची एरर देऊन परत पाठवतं, आणि ते पुन्हा चालवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ट्रान्झॅक्शनने सगळी लिखाणं एकत्र होतात किंवा एकही होत नाही, हे खरं. पण आपण हातात धरलेला आकडा शिळा झालाय का, हे ती आपणहून प्रत्येक वेळी बघत नाही.

दारात अडकलेलं क्रियापद

डेटाबेसला ‘एक वाढव’ कळतं. मग अडचण कुठे येते? डेटाबेस आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये जे दार आहे तिथे, म्हणजे वेब एपीआयमध्ये.

एचटीटीपीवरचे, म्हणजे वेबच्या नेहमीच्या संदेश-नियमांवर चालणारे, बहुतेक एपीआय एका विचाराने बांधलेले असतात. प्रत्येक गोष्टीला एक पत्ता, आणि त्या पत्त्यावर तिचं सध्याचं रूप. ‘गेट’ने रूप वाचायचं, ‘पुट’ने पूर्ण रूप बदलायचं. या विचारात वस्तू आहेत, वस्तूंचे गुण आहेत, म्हणजे व्याकरणाच्या भाषेत नाम आणि विशेषण. क्रियापदं मोजकीच आहेत, आणि ‘वाढव’ त्यांत नाही. त्यामुळे क्लायंटला, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या ॲपला, जे म्हणायचंय, ‘यात एक मिळव’, त्याचं त्याला आधीच उत्तर काढावं लागतं आणि मग ते उत्तर पाठवावं लागतं. हेतू दाराबाहेर राहतो, आत जातो तो फक्त निकाल. तोही शिळ्या माहितीवर काढलेला.

थोडाच भाग बदलण्यासाठी ‘पॅच’ ही पद्धत मार्च २०१० मध्ये आरएफसी ५७८९ या इंटरनेटच्या नियमपत्राने प्रमाणित झाली. बदल कोणत्या स्वरूपात सांगायचा हे तिने मोकळं ठेवलं. पुढे जेसॉन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीवरची दोन स्वरूपं रूढ झाली. जेसॉन मर्ज पॅचमध्ये नव्या किमतीच सांगता येतात, म्हणजे पुन्हा ‘४२ लिही’. २०१३ च्या आरएफसी ६९०२मधल्या जेसॉन पॅचमध्ये सहा क्रिया आहेत: जोड, काढ, बदल, हलव, नक्कल कर आणि तपास. यांतली ‘जोड’ म्हणजे बेरीज नाही, ती नवं फील्ड किंवा यादीतला नवा घटक घालते. ‘वाढव’ यातही नाही. मला हे प्रामाणिकपणे खटकतं. इतक्या रोजच्या गरजेला प्रमाण स्वरूपात एक शब्द मिळायला हवा होता.

टेबलांवरून आपोआप एपीआय तयार करणाऱ्या साधनांमध्ये ही अडचण लख्ख दिसते. पोस्टग्रेस्ट हे पोस्टग्रेसच्या टेबलांना थेट वेबवर आणणारं साधन. त्यात पॅच रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे तिच्या मजकुरात, कॉलमची नवी किंमत देता येते, पण ‘लाइक्स + १’ असं सूत्र देता येत नाही. आत बसलेला डेटाबेस ते सूत्र क्षणात सोडवू शकतो, आणि आपण ते त्याच्यापर्यंत पोचवू शकत नाही.

मग ट्रान्झॅक्शनच वेबवर का नेत नाहीत? म्हणजे एका रिक्वेस्टने कुलूप घालायचं, दुसरीने लिहायचं, तिसरीने उघडायचं. कारण मधल्या वेळात फोन बोगद्यात गेला, बॅटरी संपली, टॅब बंद झाला, तर कुलूप घालणारा गायब आणि बाकीचे सगळे ताटकळत. वेबवरच्या अनोळखी क्लायंटच्या हातात डेटाबेसची किल्ली द्यायची नसते. जे काही करायचं ते एका रिक्वेस्टमध्ये सुरू होऊन त्यातच संपलं पाहिजे.

क्रियापद आत नेण्याचे मार्ग

एक मार्ग क्रियापद न नेताच काम भागवतो. सर्व्हर आकड्यासोबत आवृत्तीची खूण देतो, जिला ईटॅग म्हणतात. क्लायंट लिहिताना ‘इफ-मॅच’ या हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या माहितीच्या ओळीत, ती खूण परत पाठवतो: ‘अजून हीच आवृत्ती असेल तरच ४२ लिही.’ मध्ये कुणी बदल केला असेल तर सर्व्हर ४१२ हा नकाराचा कोड देतो आणि क्लायंटने पुन्हा वाचून पुन्हा प्रयत्न करायचा. काउचडीबी हे डेटाबेस सॉफ्टवेअर हेच काम प्रत्येक डॉक्युमेंटच्या आवृत्ती क्रमांकाने करतं आणि जुना क्रमांक आला की ४०९ हा संघर्षाचा कोड देतं. दोन माणसं एकच मजकूर संपादित करत असतील तर ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे दुसऱ्याचा बदल डोळ्यांनी बघूनच पुढे जायला हवं.

मोजणीसाठी मात्र ती कष्टाची होते. दहा क्लायंट एकाच वेळी आले असं धरा. सगळे वाचतात, सगळे लिहायला जातात, एक जिंकतो, नऊ परत. मग नवांत एक जिंकतो, आठ परत. या हिशेबाने दहा लाइक्ससाठी १० + ९ + ८ असं करत ५५ वेळा लिहिण्याचा प्रयत्न होतो, आणि तितक्याच वेळा वाचणं वेगळं. शिवाय ‘माझ्याआधी कुणी एक वाढवला’ हे कळून क्लायंटला काहीच उपयोग नसतो. त्याला तरीही एकच वाढवायचा आहे. जिथे संघर्षच नाही तिथे आपण संघर्ष उभा केलेला असतो.

दुसरा मार्ग फंक्शनचा. डेटाबेसच्या आत ‘लेख_क्रमांक घे आणि त्याचा लाइक एकने वाढव’ असं छोटं फंक्शन लिहून ठेवायचं आणि एपीआयमधून त्या फंक्शनला नावाने हाक मारायची. पोस्टग्रेस्टमध्ये फंक्शनसाठी वेगळा पत्ता असतो, आणि वाढवायचं तिथे हाच रस्ता धरावा लागतो. मला हा मार्ग मनापासून आवडतो, आणि त्याचं कारण सुरक्षितता आहे. ‘एक’ हा आकडा फंक्शनच्या आत राहतो. क्लायंटने दहा लाख पाठवायचा प्रयत्न केला तरी ते पाठवायला जागाच नाही. फक्त लाइक्सच्या कॉलमवर थेट लिहिण्याची परवानगी काढून घ्यायला विसरू नये, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं.

तिसरा मार्ग म्हणजे बॉडीतच क्रियापद घालणं. जिथे आकडा लिहायचा तिथे आकड्याऐवजी एक छोटी सूचना लिहायची. पार्स या प्लॅटफॉर्मच्या एपीआयमध्ये फील्डच्या जागी एक ऑब्जेक्ट पाठवतात, ज्यात क्रियेचं नाव ‘इन्क्रिमेंट’ आणि सोबत ‘अमाउंट १’ असतं. मोंगोडीबीमध्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी ‘इंक’ क्रिया आहे, डायनॅमोडीबीच्या अपडेटमध्ये ‘ॲड’ आहे, ॲझ्युअर कॉसमॉस डीबीच्या अंशतः अपडेटमध्ये ‘इन्कर’ आहे. फायरबेसच्या रिअलटाइम डेटाबेसमध्ये साध्या एचटीटीपी रिक्वेस्टमधून टिंबाने सुरू होणारी ‘एसव्ही’ ही की (फील्डचं नाव) पाठवून ‘इन्क्रिमेंट १’ सांगता येतं.

ते टिंब, तो डॉलर कशासाठी? एपीआय घडवणाऱ्यासमोर इथे एक खरा पेच असतो. बॉडीत आलेलं ऑब्जेक्ट ही सूचना आहे की साठवायचा डेटा, हे सर्व्हरने कसं ओळखायचं? कुणाला खरोखरच ‘इन्क्रिमेंट’ नावाचं फील्ड साठवायचं असेल तर? फायरबेसने हा पेच स्वच्छ सोडवला आहे: त्यांच्याकडे डेटाच्या कोणत्याही कीमध्ये टिंब चालतच नाही, त्यामुळे टिंबाने सुरू होणारी की ही सूचनाच असणार. नवा एपीआय लिहिताना अशी राखीव जागा पहिल्या दिवशीच ठरवावी लागते. लोकांचा डेटा साठल्यावर कोणतंही चिन्ह राखीव करायला गेलं की ते आधीच कुणीतरी वापरलेलं निघतं.

‘वाढव’ म्हणणं सोपं, पण त्याच्या कडा नीट ठरवाव्या लागतात. फील्ड मुळात नसेलच तर? रेडिस ते शून्य धरतं, मोंगो ते फील्ड तयार करतं. डायनॅमोडीबीमध्ये ‘ॲड’ शून्यापासून सुरुवात करतं, पण ‘सेट’ वापरून क्ष = क्ष + १ म्हटलं तर फील्ड नसल्यावर एरर येते. एसक्यूएलमध्ये सगळ्यात फसवा प्रकार: नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, अधिक एक म्हणजे नल. कॉलममध्ये सुरुवातीला शून्याऐवजी नल राहिलं असेल तर हजारो अपडेट यशस्वी होतात आणि आकडा नलच राहतो. कॉलमला शून्य ही डिफॉल्ट किंमत आणि ‘नॉट नल’ची अट, हा उपाय एका ओळीचा आहे. ओळच नसेल तर ‘आहे का बघ, नसेल तर घाल’ ही पुन्हा तीच फट, पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ‘घाल, आणि आधीच असेल तर वाढव’ हे एका आज्ञेत सांगता येतं.

रिक्वेस्टच्या उत्तरातच नवा आकडा परत द्यावा. नाहीतर क्लायंट लगेच वेगळी गेट रिक्वेस्ट करतो आणि तोवर इतरांचीही भर पडलेली असते. रांगेतला नंबर किंवा पावती क्रमांक काढण्यासाठी काउंटर वापरत असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे ‘माझ्या वाढीनंतर नेमका किती झाला’ हेच हवं असतं. पोस्टग्रेसमध्ये ‘रिटर्निंग’ने ते त्याच आज्ञेत मिळतं.

आकड्याला वरची मर्यादाही असते. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतं. डिसेंबर २०१४ मध्ये एका व्हिडिओचे व्ह्यूज या टोकाला पोचले तेव्हा यूट्यूबने ६४ बिटांची मोजणी स्वीकारल्याचं सांगितलं. ६४ बिट घेतले तरी वेबवर आणखी एक उंबरठा आहे: जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच अचूक राहतो. त्याच्या पुढचे आकडे जेसॉनमधून मजकूर म्हणून पाठवावे लागतात. लाइक्स तिथवर जाणार नाहीत, पण बाइट्स किंवा मायक्रोसेकंद मोजणारे काउंटर जाऊ शकतात.

आणि घटवणं. कार्यशाळेच्या उरलेल्या जागा एकने कमी करायच्या आहेत. नुसतं ॲटॉमिक ‘उणे एक’ केलं तर मोजणी अचूक राहील आणि अचूकपणे उणे तीनपर्यंत जाईल. ‘आधी बघ जागा आहे का, मग कमी कर’ हे दोन रिक्वेस्टमध्ये केलं तर फट परत आली. अट आणि वजाबाकी एकाच आज्ञेत हवी: ‘जागा = जागा − १ कर, जिथे जागा शून्यापेक्षा जास्त आहेत.’ किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य बदलल्या तर जागा संपल्या, क्लायंटला ४०९ द्यायचं. म्हणून वेब एपीआयमध्ये ‘वाढव’ची सोय देताना सोबत अट घालण्याचीही सोय द्यावी. नाहीतर लोक ती अट क्लायंटमध्ये तपासतात आणि आपण बुजवलेली फट दुसरीकडे उघडते.

उत्तर आलंच नाही तर

इथपर्यंत आलो की काम झाल्यासारखं वाटतं. पण क्रियापद आत नेताना आपण एक गोष्ट गमावलेली असते.

क्लायंटने ‘एक वाढव’ पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटलं. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, की पोचून काम होऊन फक्त उत्तर वाटेत हरवलं? क्लायंटला हे कळायला काहीच मार्ग नाही. पुन्हा पाठवावं तर दोनदा मोजलं जाण्याची भीती, न पाठवावं तर हरवण्याची. ‘४२ लिही’ दहा वेळा पाठवलं तरी आकडा ४२ च राहतो. ‘एक वाढव’ दहा वेळा पाठवलं तर दहा वाढतात. पहिल्या गुणाला ‘आयडेम्पोटंट’ असणं म्हणतात, म्हणजे पुनरावृत्तीने निकाल न बदलणं. एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे पुट आणि डिलीट तशा आहेत, पोस्ट आणि पॅच तशा धरलेल्या नाहीत. क्लायंट लायब्ररी आणि प्रॉक्सी (वाटेतले मध्यस्थ सर्व्हर) याच भरवशावर कोणती रिक्वेस्ट आपणहून पुन्हा पाठवायची ते ठरवतात. म्हणून ‘वाढव’ ही सूचना पुटच्या आत घालणं धोक्याचं आहे. पार्सच्या एपीआयने तसं केलं होतं, आणि त्या बाबतीत त्यांचं अनुकरण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डायनॅमोडीबीचं अधिकृत मार्गदर्शन हे उघडपणे सांगतं: ॲटॉमिक काउंटर आयडेम्पोटंट नसतात, आणि जिथे थोडी जास्त-कमी मोजणी खपत नाही तिथे ते वापरू नका. एखाद्या पानाला किती जणांनी भेट दिली यासाठी चालेल, पैशांसाठी नाही.

ज्यांना अचूकता हवीच आहे त्यांनी प्रत्येक हेतूला ओळख द्यावी. बटण दाबताच ॲपने एक कधीच न जुळणारा क्रमांक, म्हणजे यूयूआयडी तयार करायचा आणि तो रिक्वेस्टसोबत हेडरमध्ये पाठवायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक. सर्व्हरने तो एका वेगळ्या टेबलात युनिक, म्हणजे तीच किंमत दोनदा न घेणाऱ्या, कॉलममध्ये नोंदवायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आकडा वाढवायचा. क्रमांक आधीच असेल तर काहीही न वाढवता पहिल्या वेळचं उत्तर परत द्यायचं. ‘त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आधी क्रमांक नोंदवून पक्का केला आणि वाढवण्याआधी सर्व्हर कोसळला, तर तो लाइक कायमचा गेला. आधी वाढवलं आणि क्रमांक नोंदवायच्या आत कोसळला, तर पुढच्या प्रयत्नात दुसऱ्यांदा वाढेल.

याहून एक पाऊल मागे जाऊन विचारावं: आपण खरंच मोजतोय का? लाइक ही मुळात मोजणी नाहीच. ‘या वाचकाला हा लेख आवडला’ ही वस्तुस्थिती आहे, आणि ती खरी असते किंवा नसते. वाचक आणि लेख या जोडीची एक ओळ, जोडीवर युनिक बंधन, एवढं केलं की तीच गोष्ट कितीदाही पाठवा, ओळ एकच राहते. तिला पुट आणि डिलीट शोभतात, पुन्हा पाठवायला भीती नाही, आणि लाइक परत घेणंही सोपं. आकडा मग त्या ओळींवरून निघतो. वेगासाठी तो वेगळा साठवायचा असेल तर ओळ नवीन घातली गेली तेव्हाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवायचा. कितीतरी काउंटर असे आतून यादीच असतात, आणि ते ओळखलं की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

एकाच ओळीसमोरची रांग

कुलूप म्हटलं की रांग आली. ओळीचं कुलूप ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. एका ट्रान्झॅक्शनने ते ५ मिलिसेकंद धरलं तर त्या ओळीवर सेकंदाला जास्तीत जास्त २०० वाढी होतील, सर्व्हर कितीही ताकदवान असो. म्हणून मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये काउंटर वाढवण्याचं काम सगळ्यात शेवटी करावं. कुलूप कमी वेळ राहतं. पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत लिहितं आणि जुनी नंतर साफ करतं, त्यामुळे लांबलचक लेखाच्या ओळीत काउंटर ठेवण्यापेक्षा तो वेगळ्या, अरुंद टेबलात ठेवलेला बरा.

तरीही पुरत नसेल तर काउंटरचे तुकडे करायचे. एका ओळीऐवजी दहा ओळी, प्रत्येक वाढ त्यांतल्या कोणत्याही एकीत, आणि वाचताना दहांची बेरीज. फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये एकाच डॉक्युमेंटवर सतत लिहायचं तर सेकंदाला साधारण एक वेळ असं मार्गदर्शन होतं, आणि तिथे हीच युक्ती सुचवली जाते. किंमत अशी की वाचणं महागतं आणि ‘शून्याच्या खाली जाऊ नको’ सारखी अट घालता येत नाही, कारण पूर्ण आकडा कोणत्याच एका ओळीला माहीत नसतो. अनेक डेटा सेंटरमध्ये पसरलेल्या मोजणीसाठी हाच विचार पुढे नेलेला आहे. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सीआरडीटी या रचनांमध्ये प्रत्येक सर्व्हर फक्त स्वतःचा रकाना वाढवतो, दोन प्रती भेटल्या की प्रत्येक रकान्यातला मोठा आकडा घेतात, आणि सगळ्या रकान्यांची बेरीज म्हणजे एकूण. तोच निरोप दोनदा आला तरी मोठा आकडा मोठाच राहतो, म्हणून सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत दुहेरी मोजणी होत नाही.

हे सगळं बांधून झाल्यावर टेस्ट कशी करायची ते सांगतो. एका लूपमधून हजार वेळा हाक मारण्यात अर्थ नाही, त्यात कुणी कुणाच्या आड येत नाही. ५० वेगळे क्लायंट एकदम सुरू करा, प्रत्येकाने खऱ्या वेब एपीआयमधून २० वेळा वाढवायचं, शेवटी आकडा बरोबर १००० हवा. पहिल्या फेरीत रिट्राय (आपोआप पुन्हा पाठवणं) पूर्ण बंद ठेवा आणि प्रत्येक रिक्वेस्टला यशस्वी उत्तर आलंय याची खात्री करा. तरीही ९९७ आले तर कुठेतरी वाचून-लिहिण्याची फट शिल्लक आहे. दुसऱ्या फेरीत काही कनेक्शन उत्तर यायच्या आत मुद्दाम तोडा आणि त्याच ओळख क्रमांकाने पुन्हा पाठवा. आता १००३ आले तर पुनरावृत्ती ओळखण्यात चूक आहे. दोन्ही फेऱ्या एकत्र करू नका. तीन हरवले आणि तीन दोनदा मोजले गेले तरी बेरीज १००० च येते.